परताव्याची रेषा कशी वाचावी?

व्याज हा विषय आपल्या घराघरांत नित्य बोलला जातो. परंतु व्याजाचा दर आणि मुदत यांचा परस्परांशी काय संबंध असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. पाच वर्षांसाठी पैसे ठेवणाऱ्यास एका वर्षासाठी ठेवणाऱ्यापेक्षा अधिक व्याज मिळावे, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्याचे कारण विचारण्याची गरजही भासत नाही. शेजाऱ्यास उसने दिलेले पैसे पुढच्या महिन्यात परत येणार असतील तर आपण निर्धास्त असतो. तेच पाच वर्षांनी यायचे असतील तर मनात नाना शंका उभ्या राहतात. तोवर महागाई किती वाढेल? मध्येच आपल्याला पैशांची निकड लागली तर काय करावे? घेणाऱ्याची परिस्थिती आज आहे तशीच राहील काय? या शंकांचे मोल म्हणूनच दीर्घ मुदतीच्या कर्जावर अधिक व्याज द्यावे लागते. परंतु कधी कधी हा क्रम उलटतो. थोड्या मुदतीला अधिक आणि दीर्घ मुदतीला कमी, असा विपरीत प्रकार दिसू लागतो. अशा वेळी व्याजाचे आकडे देशाच्या आर्थिक प्रकृतीविषयी काही सांगत असतात. ते समजून घेण्याची सवय सर्वसामान्य कुटुंबांनीही लावून घ्यावी, असे मला वाटते. आणि ते मुळीच कठीण नाही.

माझा व्यवसाय अनुवादाचा व संपादनाचा. मी कलाशाखेची पदवीधर; अर्थकारणाशी माझा परिचय वर्गात झाला त्याहून अधिक लिहिण्याच्या टेबलावर झाला. इंग्रजीतले आर्थिक लेख मराठीत आणताना 'यील्ड कर्व्ह' हा शब्दप्रयोग वारंवार समोर येई आणि दर वेळी लेखणी थबके. शेतकरी एकरी उतारा म्हणतो, साखर कारखान्यातही उसाचा उतारा पाहतात. इंग्रजीत या दोहोंना जो शब्द लावता येतो, तोच कर्जरोख्यांनाही लावतात. पण रोख्याचा 'उतारा' म्हटले तर वाचक बुचकळ्यात पडेल. 'उत्पन्न' म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर महिन्याचा पगार येईल. आणि 'व्याज' म्हणणे सोयीचे असले तरी ते अचूक नव्हे. अखेर मी 'परतावा' हा शब्द पत्करला. व्याज आणि परतावा यांत फरक काय, हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे पुढची वाट सोपी होते.

समजा, सरकारने शंभर रुपयांचा एक कर्जरोखा काढला आणि वर्षाच्या अखेरीस मुद्दल व व्याज मिळून १०७ रुपये देण्याचे वचन दिले. रोख्यावर छापलेले व्याज सात टक्के. ते काही बदलत नाही. परंतु हा रोखा बाजारात विकता येतो. तो घेण्यासाठी अनेक लोक पुढे आले आणि त्याची किंमत १०२ रुपये झाली, तर नव्या खरेदीदाराला १०२ रुपयांवर पाचच रुपये मिळतील. म्हणजे त्याचा परतावा सुमारे ४.९ टक्के. उलट घेणारे कमी आणि विकणारे फार, अशी स्थिती येऊन किंमत ९८ रुपयांवर उतरली, तर ९८ रुपयांवर नऊ रुपये, म्हणजे सुमारे ९.२ टक्के परतावा होतो. किंमत चढली की परतावा उतरतो आणि किंमत उतरली की परतावा चढतो. व्याज कागदावर छापलेले असते. परतावा मात्र रोज बाजारात ठरत असतो. म्हणूनच त्यात लोकांच्या आशा आणि भीती यांचे प्रतिबिंब पडते.

आता एक कागद घ्यावा. त्यावर डावीकडून उजवीकडे मुदती मांडाव्यात. आपल्या भारत सरकारची ट्रेझरी बिले ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. पुढे पाच, दहा, तीस, चाळीस वर्षांचे रोखे येतात, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तर पन्नास वर्षांच्या रोख्याचाही प्रथमच लिलाव झाला. प्रत्येक मुदतीच्या वर तिचा त्या दिवसाचा परतावा एका ठिपक्याने दाखवावा आणि ठिपके जोडावेत. जी रेषा तयार होईल तीच परताव्याची रेषा. सामान्य दिवसांत ती डावीकडून उजवीकडे हळूहळू चढत जाते. कधी ती पठारासारखी सपाट होते. आणि क्वचित प्रसंगी डावे टोक वर आणि उजवे टोक खाली, अशी ती उलटते.

ही रेषा उलटते कशी? त्यासाठी बेरीज-भागाकाराइतकेच गणित पुरे. समजा, आज एका वर्षाचा दर सात टक्के आहे. पण बाजारातील बहुतेकांना वाटते की पुढच्या वर्षी तो पाचावर येईल. दोन वर्षांसाठी पैसे देणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एकतर त्याने एकेक वर्षासाठी दोनदा द्यावे. त्याला आधी सात आणि मग पाच, म्हणजे सरासरी सहा टक्के पडतील. नाहीतर त्याने एकदम दोन वर्षांसाठी द्यावे. दुसऱ्या मार्गाने सहाच्या आसपास मिळत असेल तरी तो राजी होतो, कारण पहिल्या मार्गानेही त्याला तितकेच पडणार असते. अशा रीतीने एका वर्षाचा दर सात आणि दोन वर्षांचा सहा, अशी उलटी रेषा तयार होते. दीर्घ मुदतीची जोखीम म्हणून थोडे अधिक मागितले जातेच; तथापि दर उतरण्याची अपेक्षा प्रबळ असेल तर ती या वाढाव्यावर मात करते. सारांश, उलटी रेषा मुळात एवढेच सांगते: पुढे दर उतरतील, असे पैसे देणाऱ्यांना वाटते.

हे सारे मी शब्दांपुरते जाणत होते. त्याचा घराशी संबंध आला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. माझी आई इंदूरला एका खाजगी शाळेत शिक्षिका होती. वयाच्या साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हाती आली, तीच तिची पुढील आयुष्याची शिदोरी होती. निवृत्तिवेतन सांगण्यासारखे नव्हते आणि वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. ही रक्कम पुन्हा येणार नव्हती, हे तिला पुरते ठाऊक होते. त्या सुमारास एका बँकेच्या दरपत्रकावर चारशे दिवसांच्या ठेवीस ७.१० टक्के आणि पाच वर्षांच्या ठेवीस ६.५० टक्के व्याज लिहिलेले होते. आईने ते वाचून मला फोन केला. "अगं, हे छापण्यात काही चुकले आहे का? जो अधिक दिवस पैसे ठेवतो त्यालाच कमी?"

चूक नव्हती. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांपर्यंत नेला होता. त्यामुळे थोड्या मुदतीचे पैसे महाग झाले होते. परंतु महागाई ओसरली म्हणजे हे चढे दर टिकणार नाहीत, असा बँकेचा अंदाज होता. मग पाच वर्षांसाठी चढ्या दराचे वचन ती का देईल? सरकारी रोख्यांची रेषाही त्या वेळी जवळजवळ सपाट झाली होती. ३६४ दिवसांचे ट्रेझरी बिल आणि दहा वर्षांचा रोखा या दोहोंचा परतावा सात-सव्वासात टक्क्यांच्या घरात होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँकेचे दरपत्रक म्हणजे परताव्याची रेषा नव्हे. बँकेला त्या वेळी किती आणि कोणत्या मुदतीचे पैसे हवे आहेत, यावरही ते अवलंबून असते. तरीपण दोहोंवर वारा एकाच दिशेचा वाहत असतो.

मी आईला रेपो दर, अपेक्षा, सरासरी असे काहीबाही सांगू लागले. तिने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे कांद्यासारखेच." आईचे माहेर निफाड तालुक्यातले, लासलगावचा बाजार तिने लहानपणी पाहिलेला. भाद्रपद-आश्विनात चाळीतला उन्हाळ कांदा सरत येतो आणि भाव चढतो. त्या दिवसांत एखाद्या व्यापाऱ्याला विचारले की पौषात कांदा कोणत्या भावाने देशील, तर तो आजचा भाव सांगत नाही, कमी सांगतो. कारण लाल कांदा शेतात उभा आहे आणि तो बाजारात येणार, हे त्याला ठाऊक असते. इतकी नेमकी उपमा मला कोणत्याही इंग्रजी लेखात सापडली नव्हती. त्यात सावधगिरीचा धडाही होता. लाल कांदा येणार हे ठाऊक असले तरी पाऊस लांबला तर तो केव्हा येईल, हे त्या व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही.

मामांचे मत मात्र वेगळे होते. ते म्हणाले, "ताई, वर्षभर दर वाढतच आले आहेत, अजून वाढतील. सगळी रक्कम चारशे दिवसांसाठी ठेव. मुदत संपेल तेव्हा आठ-नऊ टक्के मिळतील." त्यांचे म्हणणे अविचाराचे नव्हते. काल जे घडले तेच उद्या घडेल, असे धरून आपण सारेच चालतो. परंतु ज्यांचा धंदाच पैसे देण्याघेण्याचा आहे ते लोक तसे धरून चालले नव्हते, एवढे ती सपाट रेषा दाखवीत होती. या दोन मतांत कोणते स्वीकारावे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. आणि त्यासाठी ही रेषा पूर्वी कितपत विश्वासार्ह ठरली आहे, हे पाहणे मला आवश्यक वाटले.

या बाबतीत सर्वांत अधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. १९८६ मध्ये कॅम्पबेल हार्वे यांनी शिकागो विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात परताव्याच्या रेषेचा कल आणि पुढील आर्थिक वाढ यांचा संबंध दाखविला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २००७ पर्यंत त्या देशात ज्या मंदीच्या लाटा आल्या, त्या प्रत्येकीच्या आधी ही रेषा उलटली होती. शेवटच्या लाटेचा वृत्तांत बोधप्रद आहे. २००४ च्या मध्यापासून तेथील फेडरल रिझर्व्हने आपला दर १ टक्क्यावरून जून २००६ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर नेला. परंतु दीर्घ मुदतीचे दर त्या मानाने वाढलेच नाहीत आणि २००६ मध्ये रेषा उलटली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी जाहीर भाषणात सांगितले होते की, सपाट झालेल्या रेषेवरून मोठी आर्थिक घसरण येणार असा अर्थ आपण काढीत नाही. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली आणि ती जून २००९ पर्यंत टिकली.

उलट्या रेषेत असे काय असते? एक तर ती लोकांचा अंदाज प्रकट करते. मंदी आली की मध्यवर्ती बँक दर उतरवते, म्हणून मंदीची चाहूल लागलेले लोक आजच दीर्घ मुदतीचे रोखे घेऊन ठेवतात, रोख्यांची किंमत चढते आणि परतावा उतरतो. दुसरे असे की, ती स्वतःही काही प्रमाणात अडचण उत्पन्न करते. बँका थोड्या मुदतीच्या ठेवी घेतात आणि त्यांतून घरे, कारखाने, यंत्रे यांसाठी दीर्घ मुदतीची कर्जे देतात. घेण्याचा दर देण्याच्या दराजवळ जाऊन पोहोचला की बँकेला कर्ज देण्यात स्वारस्य उरत नाही. ती हात आखडता घेते. आणि कर्ज आटले की नवे उद्योग, नवी घरे, नव्या नोकऱ्या यांचाही ओघ मंदावतो.

तथापि एवढ्यावरून उलटी रेषा म्हणजे मंदीची द्वाही, असे समजणे घाईचे होईल. अमेरिकेतच १९६६ मध्ये रेषा उलटली होती. पुढे वाढ मंदावली, पण मंदी आली नाही. अलीकडचे उदाहरण तर याहून ठळक आहे. जुलै २०२२ पासून २०२४ च्या सप्टेंबरच्या सुमारापर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, तेथील दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा अधिक होता. मंदी येणार, येणार, असे पुष्कळ जाणकार सांगत राहिले. प्रत्यक्षात २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढली. मग रेषा खोटी ठरली काय? माझ्या मते तसे म्हणता येत नाही. जून २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर ९.१ टक्के होता. तो पुढे उतरला आणि सप्टेंबर २०२४ पासून फेडरल रिझर्व्हनेही आपले दर उतरविण्यास आरंभ केला. दर उतरतील, एवढेच रेषेने सांगितले होते आणि ते खरे ठरले. ते मंदीमुळेच उतरतील, हे वाचणाऱ्यांनी आपल्या पदरचे जोडले होते.

आपल्या देशातला २०१३ चा अनुभव हेच निराळ्या रीतीने शिकवितो. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपली रोखे-खरेदी कमी करण्याचे सूचित करताच परदेशी गुंतवणूकदार आपल्यासारख्या देशांतून पैसे काढून घेऊ लागले. रुपया घसरू लागला. तो सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०१३ रोजी बँकांना अडीअडचणीला एका रात्रीसाठी जे कर्ज दिले जाते, त्याचा दर ८.२५ टक्क्यांवरून एकदम १०.२५ टक्के केला. उद्देश हा की, रुपये उसने घेऊन डॉलर विकत घेणाऱ्यांना ते परवडू नये. परिणामी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा परतावा अकरा टक्क्यांच्या घरात गेला आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा त्याच्या पुष्कळच खाली राहिला. रेषा पूर्ण उलटली. पण तिचा अर्थ मंदी असा नव्हता. घरात चोर शिरू नये म्हणून काही काळ दाराला दुहेरी कडी घातली आहे, एवढाच होता. ही कडी कायमची नाही, हे बाजाराला कळत होते, म्हणूनच दूरचे दर तितके चढले नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस एका डॉलरला ६८ रुपयांहून अधिक मोजावे लागत होते. सप्टेंबरपासून रुपया सावरू लागला, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तो रात्रीचा दर टप्प्याटप्प्याने ८.७५ टक्क्यांवर आणला गेला.

आणि याच्या अगदी विरुद्ध चित्र २०२० मध्ये दिसले. महासाथीत व्यवहार ठप्प झाले तेव्हा २२ मे २०२० रोजी रेपो दर ४ टक्क्यांवर आणण्यात आला. ९१ दिवसांच्या बिलाचा परतावा सुमारे तीन-साडेतीन टक्क्यांवर उतरला. दहा वर्षांचा मात्र सहाच्या आसपास रेंगाळत राहिला. रेषा उभ्या चढणीसारखी झाली. चढती रेषा म्हणजे सुदिन, असे मानणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये; त्या वर्षी देशाचे एकूण उत्पादन घटले होते. ती चढण सांगत होती की आज पैसे स्वस्त आहेत ते संकटामुळे, आणि दूरवर पाहणाऱ्यांना महागाई व सरकारची वाढती कर्जे दिसत आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेचा दरही एप्रिल २०२० मध्ये ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला. ज्यांचे घर व्याजावर चालते अशा किती कुटुंबांना त्या वर्षी भाजी-दुधाचा हिशेब नव्याने मांडावा लागला, हे मी आमच्या ओळखीच्या घरांत पाहिले आहे. वक्र रेषांची चर्चा शेवटी अशा घरांपर्यंत येऊन पोहोचते.

आपल्याकडील रेषा वाचताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. तिचे डावे टोक प्रामुख्याने रिझर्व्ह बँकेच्या हाती असते. उजव्या टोकाला आयुर्विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या संस्था मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात. त्यांना वीस-तीस वर्षांनी द्यावयाच्या रकमांची तरतूद आज करायची असते, त्यामुळे दीर्घ मुदतीचे रोखे त्यांना हवेच असतात. बँकांनाही आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा मुख्यत्वे सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. शिवाय रिझर्व्ह बँक कधी कधी स्वतःच रोखे घेऊन रेषेला आकार देते. २३ डिसेंबर २०१९ रोजी तिने दीर्घ मुदतीचे रोखे विकत घेतले आणि त्याच वेळी थोड्या मुदतीचे विकले. म्हणजे रेषेचे दूरचे टोक खाली आहे याचे कारण भीती हेच असेल असे नाही. गरज किंवा धोरण हेही असू शकते.

हे सारे पाहिल्यावर माझ्या ध्यानात जे आले ते असे: ही रेषा दरांची दिशा सांगते, पण कारण सांगत नाही आणि तारीख तर मुळीच सांगत नाही. दिशा कळली असता कारण आपण शोधावे, आणि तारीख कळत नसल्यामुळे सारे काही एकाच अंदाजावर सोपवू नये. आईने निर्णय घेतला तो याच धोरणाने. तिने आपल्या वहीत रकमेचे नव्हे, गरजांचे भाग पाडले. महिन्याच्या खर्चासाठी जे हवे ते तिने ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत पाच वर्षांसाठी ठेवले. त्या वेळी तिचा दर ८.२ टक्के होता आणि मुदत संपेपर्यंत तो बदलणार नव्हता. घराचे छप्पर २०२४ च्या पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावयाचे होते. ते पैसे चारशे दिवसांच्या ठेवीत गेले. आणि ज्याला इतक्यात हात लावायचा नाही असा एक लहानसा भाग दहा वर्षांच्या सरकारी रोख्यात गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या योजनेमुळे सामान्य माणसालाही असा रोखा थेट घेता येऊ लागला होता.

पुढे काय झाले, हे वाचकांना सांगितले पाहिजे. मामांनी आपली स्वतःची ठेव चारशे दिवसांसाठी ठेवली होती. २०२४ मध्ये तिचे नूतनीकरण झाले तेव्हा दर आठ-नऊ झाला नव्हता. पण उतरलाही नव्हता. रेषेने वर्तविलेली उतरण वर्षभर लोटले तरी आली नव्हती आणि मामा तसे बोलूनही दाखवीत. रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी करण्यास सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये; जूनपर्यंत तो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला आणि बँकांच्या ठेवींचे दरही त्यामागून उतरले. त्या वर्षी मामांना दुसऱ्यांदा नूतनीकरण करावे लागले तेव्हा व्याज कमी झाले. आईचा बचत योजनेतला हप्ता मात्र दर तिमाहीस पूर्वीइतकाच येत राहिला. तिच्या रोख्याची बाजारातील किंमतही वाढली. मी ते कौतुकाने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला तो विकायचाच नाही, मग किंमत वाढली काय आणि उतरली काय?" छप्पर मात्र पहिल्या पावसाआधी झाले होते, याचे समाधान तिला अधिक होते.

वाचकहो, यातून मामा हरले आणि आई जिंकली, असा अर्थ काढू नये. दोन वर्षे मामांचा दर पाच वर्षांच्या ठेवीपेक्षा सरस होता; त्याचे मोल त्यांना नंतर द्यावे लागले. उलट्या दरपत्रकात कोणालाच काही फुकट मिळत नसते. थोडी मुदत घेणारा आज अधिक घेतो आणि उद्याची अनिश्चितता पत्करतो. दीर्घ मुदत घेणारा आज थोडे सोडतो आणि निश्चिती विकत घेतो. आपल्या घराला यांपैकी कोणती गोष्ट परवडते, हे कोणतीही रेषा सांगू शकत नाही.

ही रेषा पाहण्यासाठी फार खटाटोप करावा लागत नाही. ट्रेझरी बिलांचे लिलाव दर आठवड्यास होतात आणि त्यांचे दर रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. अर्थविषयक वर्तमानपत्रांतही ते येतात. ९१ दिवस, ३६४ दिवस, दहा वर्षे आणि तीस वर्षे, असे चारच आकडे तीन महिन्यांतून एकदा वहीच्या एका पानावर टिपून ठेवावेत. अल्पबचतीच्या दरांचा आढावा सरकार तिमाहीस घेते, तेव्हा तेही त्याच पानावर येऊ द्यावेत. वर्षभरात आपल्या हाती चार ओळी येतील. रेषा चढती होत आहे की सपाट, हे त्यांवरून कळेल. सपाट होऊ लागली की घरात तीन प्रश्न विचारावेत: या वर्षी लागणारे पैसे किती, पाच वर्षे न लागणारे किती, आणि दर दोन टक्क्यांनी उतरले तर महिन्याचा खर्च भागेल काय? गृहकर्ज असेल तर हाच तिसरा प्रश्न उलट विचारावा: दर दोन टक्क्यांनी चढले तर हप्ता झेपेल काय? उत्तरे लिहून झाली की मगच ठेवीचा अर्ज भरावा.